खंड्या जागचा हलत नाही

पडद्याला पाणी मारायचं काम सिकंदर दुसऱ्या कुणाला करू देत नसे. उन्हं कलली की तो बादली आणि लांब काठीला बांधलेलं फडकं घेऊन तंबूच्या मधोमध ताणलेल्या पांढऱ्या कापडासमोर उभा राही आणि वरपासून खालपर्यंत ते सगळं भिजवून काढी. कापड कोरडं राहिलं तर चित्र एकाच अंगाला नीट दिसतं. ओल्या कापडातून उजेड आरपार जातो आणि पलीकडच्यांनाही तेच चित्र दिसतं. पलीकडे बायका बसत.

बारामतीच्या मोहनरावांचा हा फिरता तंबू. साल चौतीस-पस्तीसचं असेल. पुण्याला पडद्यावरची माणसं बोलायला लागून आता गायलासुद्धा लागली होती, पण बोलणारं यंत्र अजून मोहनरावांच्या आवाक्यात आलं नव्हतं. ते मुंबईहून जुने मुके सिनेमे आणत, बैलगाड्यांवर तंबू लादत आणि इंदापूर, बावडा, लासुर्णे अशा गावांना खेळ लावीत. अंधारात परक्या बाप्यांच्या शेजारी आपल्या लेकीसुना बसवणं या भागात कुणालाच पचलं नसतं. म्हणून यंत्र आणि बापे पडद्याच्या एका बाजूला, बायका-पोरं दुसऱ्या बाजूला. बायकांना चित्र डावं-उजवं फिरलेलं दिसे आणि इंग्रजी अक्षरं उलटी दिसत. ती सुलटी दिसली असती म्हणून काय मोठा फरक पडणार होता? अक्षरं वाचायला आणि गोष्ट सांगायला सिकंदर होता.

तो पडद्याच्या कडेला, बांबूला पाठ लावून उभा राही. आवाज असा की दिव्याला वीज पुरवणाऱ्या मागच्या इंजिनाची धडधड त्यापुढे खाली बसे. ऐन तारुण्यात पुण्याच्या लष्करात एका साहेबाच्या बंगल्यावर काही वर्षं काढल्यामुळे त्याला तोडकंमोडकं इंग्रजी यायचं. न कळलेलं तो पदरचं रचायचा, आणि लोकांना ते रचलेलंच जास्त आवडायचं. पडद्यावरच्या साहेबाला तो आबासाहेब करी, मडमेला सरुबाई. तोंड मात्र कायम बाप्यांकडे. पलीकडे मान वळवायची नाही हा मोहनरावांचा नियम होता, आणि त्यांनी घातला नसता तर सिकंदरनं स्वतःच घालून घेतला असता. सरळ माणूस होता. ताईत, अंगारे, उतारे यांतलं त्यानं जन्मात कधी काही केलं नाही. पोर हरवली तेव्हाही नाही.

पोर म्हणजे वहिदा, सहा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी इंदापूरच्या उरुसात तंबू लागला होता आणि सिकंदरची बायको शमशाद पोरीला घेऊन पलीकडे बसली होती. खेळ ऐन रंगात आला असताना पोर म्हणाली, "बाबाकडं जाते," आणि उठली. शमशादनं म्हटलं, जाऊ दे, बाप चार पावलांवर तर उभा आहे, आवाज येतोय त्याचा. पडद्याला वळसा घालून पोर गेली एवढं तिनं पाहिलं. बापापाशी ती पोचलीच नाही. उरूस पालथा घातला, विहिरींत गळ टाकले, कालव्याच्या कडेनं माणसं लांबवर जाऊन आली. ना पोर मिळाली, ना तिची काही खूण. तेव्हापासून शमशाद घरी राहत नव्हती. तंबू जाईल तिकडे गाडीवर बसून जायची, दिवसभर त्या गावात विचारत फिरायची आणि संध्याकाळी पलीकडच्या बाजूला जाऊन बसायची. सिकंदरनं मनातल्या मनात केव्हाच आशा सोडली होती. हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही.

त्या वर्षी सुगी आटोपल्यावर मोहनरावांनी कुत्र्याचा सिनेमा आणला.

कुत्रं मोठं नावाजलेलं होतं. त्याचा एक खेळ मोहनरावांनी फार मागे दाखवला होता. त्यात ते जळत्या घरात शिरून म्हातारीला ओढून बाहेर काढतं, धावत्या आगगाडीच्या टपावरून पळतं, लांडग्याला लोळवतं. लोक अजून त्याची आठवण काढत. त्याचं साहेबी नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सिकंदरनं तेव्हाच त्याचा खंड्या करून टाकला होता. नव्या सिनेमाच्या रंगीत कागदावरही खंड्या ज्वाळांतून झेप घेताना छापला होता. बावड्याच्या बाजारात हलगी वाजवत तो कागद फिरवला आणि तंबू दोन्ही अंगांनी गच्च भरला.

आणि खंड्या जागचा हलला नाही.

गोष्ट घरगुती होती. नवरा, बायको आणि झगा घातलेलं, कुरळ्या केसांचं एक लेकरू. मुलगा की मुलगी तेही कळू नये असं. लेकरू रानात हरवतं. आई रडते, बाप कंदील घेऊन हिंडतो. आणि ज्याच्या नावावर एवढी गर्दी लोटली होती तो खंड्या घराच्या पायरीवर बसून राहतो. म्हातारा झाला होता बिचारा. तोंडाभोवतीचे केस पांढरे, डोळे अर्धवट मिटलेले. लोक वाट बघत होते, आता उठेल, मग उठेल. शेवटी कुणा शेजाऱ्याला ते लेकरू गवताच्या गंजीत झोपलेलं सापडतं. तो त्याला उचलून घरी आणतो, सगळे आनंदानं डोळे पुसतात, खंड्या बसल्या बसल्या शेपटी हलवतो आणि सिनेमा संपतो.

सिकंदरनं जिवाचं रान केलं. "बघा मंडळी, खंड्याच्या डोक्यात काय बेत शिजतोय बघा!" असं तो गर्जला. पण बसलेल्या कुत्र्याला माणूस किती वेळ बेत शिजवायला लावणार? लेकराला काहीतरी नाव हवं म्हणून त्यानं तोंडाला आलं ते म्हस्कू ठेवलं, आणि आई दारात येऊन रडू लागली तेव्हा अगदी कळवळून म्हणाला, "खंड्या, जा रं बाबा. म्हस्कूला आण!"

"त्येला आदी उठवा कुनीतरी!" बाप्यांतून आवाज आला आणि तंबूभर हशा पिकला. मग शिट्ट्या सुरू झाल्या. खेळ सुटल्यावर एकानं जाता जाता मोहनरावांना ऐकवलं, "आमच्या दारातलं कुत्रं बरं की वो. भाकरी टाकली तर उठतं तरी!"

मोहनरावांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं बायका बाहेर पडू लागल्या. त्या हसत नव्हत्या आणि कुरकुरतही नव्हत्या. पदरानं डोळे टिपत, हळू आवाजात बोलत चालल्या होत्या. एक म्हातारी मुद्दाम थांबून म्हणाली, "लई झ्याक खेळ हुता बाबा. गुनाचं हाय कुत्रं."

"बायकांचं काय," मोहनराव सिकंदरला म्हणाले, "पोर सापडलं की त्यांना सगळं पावलं." सिकंदरला ते पटलं.

जेवताना शमशादनं तोच विषय काढला. "किती लांबनं आनलं त्येनं पोराला," ती म्हणाली.

"कुनी?"

"खंड्यानं. तुमी जा म्हनला आन त्यो उठला की. झाडांच्या मधनं गेला. मग लई येळ नुसतंच दार दिसत हुतं. आमाला वाटलं येतोय का न्हाय. मग आला, आन त्येच्या मागनं पोरगं."

"शेजाऱ्यानं आनलं त्येला. गंजीतनं."

"कोन शेजारी?" शमशादनं विचारलं. ती थट्टा करत नव्हती. "डोईला कुंची हुती पोराच्या. अंगात बंडी, पायात वाळा."

विलायती लेकराच्या पायात वाळा कुठून येणार? सिकंदरनं भाकरीचा तुकडा मोडला. ही बाई दोन वर्षं धड झोपलेली नाही, खेळ चालू असताना तिचा डोळा लागला असेल, असा त्यानं विचार केला. शिवाय अंधारात त्याच्या आवाजावर माणसं काय काय बघत, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पडद्यावर दोन घोडी असताना त्यानं पन्नास घोड्यांची लढाई लोकांना दाखवली होती.

लासुर्ण्याला बाप्यांकडे पहिल्यापासूनच कुरबुर होती. हा खेळ थोडा हसता व्हावा म्हणून सिकंदरनं लेकराचं नाव नकोशी ठेवलं. कुणी फारसं हसलं नाही. "खंड्या, जा, नकोशीला आण," तो म्हणाला. खंड्या बसून राहिला, शेजारी आला, सिनेमा संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पडदा उन्हात वाळत घालत असताना एक बाई येऊन उभी राहिली. ओच्यात पेरू होते. छबूबाई तिचं नाव, तिथल्याच मळ्यातली.

"तुमीच का सांगनारं?"

"व्हय मावशी."

"माझ्या नकोशीचं नाव तुमास्नी कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाय. तोंडाला आलं ते घेतलं."

तिनं ओचा सावरला. मग म्हणाली, "चौथी पोर म्हनून सासूनं नकोशी ठिवलं. मी बी तसंच म्हनायची. पटकीत गेली. काल बघितली मी तिला. एक कान जरा चिमटलेला हुता तिचा, तो बी तसाच. माझ्याकडं बघून हासली." तिनं पेरू त्याच्यापुढे ओतले आणि त्याच्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. "तिला नकोशी म्हनून चुकलंच माझं. पन आली बगा हाकंला."

सिकंदरनं एकच गोष्ट विचारली. "मावशी, पोरीला कुनी आनलं? शेजाऱ्यानं का कुत्र्यानं?"

"कुत्र्यानंच की. दुसरं तितं हुतं कोन?"

त्या दुपारी बावड्याहून आलेला एक गाडीवान तंबूपाशी बैल पाजायला थांबला. सिकंदरनं सहज विचारल्यासारखं विचारलं, बावड्यात म्हस्कू नावाचं एखादं लहान पोर आहे का. गाडीवान म्हणाला, "हुतं. गेल्या आखाडात हिरीत पडलं." आणि बैलांना हाकून निघून गेला.

सिकंदर पडद्याच्या सावलीत बसून राहिला. म्हस्कू काय, नकोशी काय, ही नावं गावोगाव पडलेली. कुठंही घेतलं तरी कुणाचं तरी पोर निघायचंच. हा हिशेब त्याला बरोबर वाटला. तरी त्या संध्याकाळी त्यानं लेकराला नाव ठेवलं नाही. नुसतं लेकरू म्हणाला.

खेळ सुटल्यावर बाप्यांनी नेहमीसारख्या शिव्या घातल्या. पण आज बायकाही हिरमुसल्या तोंडानं बाहेर पडल्या. "एवढा लांब गेला आन एकलाच आला," एक जण दुसरीला म्हणत होती. "उगाच आलो आपुन." छबूबाई शेजारणींना घेऊन आली होती, तिनं जाताना सिकंदरकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू त्यानं दारी आलेल्याला उपाशी घालवलं होतं.

सिकंदरला भीती वाटली. उगाच शब्द फिरवण्यात अर्थ नाही, त्याला भीतीच वाटली.

तिथून तंबू कन्हेरीला निघाला. कालव्याच्या कडेनं गाड्या चालल्या होत्या. दोन्हीकडे वांग्या-मिरचीची हिरवी रानं, मोटांची कुरकुर, आणि सकाळचं कोवळं ऊन. शमशाद गाडीत तंबूच्या गुंडाळीवर बसली होती.

"आज वहिदाचं नाव घ्या," ती म्हणाली.

सिकंदरनं ऐकलंच नाही असं केलं. ती पुन्हा म्हणाली.

"शमशाद, ज्यांची नावं घेतली ती समदी गेलेली पोरं हायत."

"ठावं हाय मला. छबूबाई माझ्याशीबी बोलली."

"मग?"

"एकला आला तर पोर हाय कुठंतरी. मी हुडकत ऱ्हाईन. आन घिऊन आला तर..." तिनं वाक्य तिथंच सोडलं. मग म्हणाली, "दोन वर्सं झाली, घरी असलं तरी दाराला कडी लावत न्हाय मी. पोर येईल आन दार लावलेलं दिसंल म्हनून. एकदा कळू द्या."

गाडीचं चाक दगडावर चढून उतरलं.

"आन तुमी बी आमच्या बाजूला या," शमशाद म्हणाली. "आईबापानं दोघांनी मिळून बघावं."

"बायकांत मी कसा येऊ? मोहनराव काय म्हनतील?"

"माझ्यामागं उभं ऱ्हावा. मी सांगीन समद्यास्नी. कुनी काय म्हननार न्हाय."

"आन सांगनार कोन?"

पण हे खरं कारण नव्हतं, आणि ते दोघांनाही कळत होतं. आशा सोडली होती खरी, तरी आपण डोळ्यांनी पाहिलं नाही तर ते झालं नाही, एवढ्या एका आधारावर सिकंदर दोन वर्षं उभा होता. तेवढा आधार सोडायला त्याचं मन धजेना. नाव घेईन म्हणाला. येईन म्हणाला नाही.

कन्हेरीला बापे मोजकेच आले. बसक्या कुत्र्याची कीर्ती पुढे पोचली होती. पण पलीकडे पाय ठेवायला जागा नव्हती. लासुर्ण्याकडून, कुठून कुठून गाड्या जुंपून बायका आल्या होत्या. त्यांच्यातली एकही मोठ्यानं बोलत नव्हती. सिकंदरनं पडदा भिजवला. त्याच्या हातून पाणी जरा जास्तच झालं आणि खालच्या कडेनं थेंब गळत राहिले.

दिवा लागला. नवरा, बायको, लेकरू. सिकंदर सांगत होता, पण काय सांगतोय याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

लेकरू हरवलं.

आई दारात आली. खंड्या पायरीवर बसला.

"सांगा की वो!" बाप्यांतून कुणीतरी ओरडलं.

"खंड्या," सिकंदर म्हणाला. त्याला आपला आवाज ओळखू येईना. "खंड्या, जा बाबा. वहिदाला आण."

समोर कुणी जांभई दिली. खंड्या अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बसून होता.

पलीकडच्या बांगड्यांचा आवाज थांबला. किरकिरणारी तान्ही पोरंही गप झाली. नुसतं इंजिन धडधडत होतं आणि पडद्यातून पाणी गळत होतं.

पडद्याची कड त्याच्या खांद्याला लागली होती. ओली आणि गार. नुसती मान वळवली असती तरी पुरे होतं. बाप म्हणून त्याला ते बघायचं होतं, जीव तुटत होता त्याचा. आणि बाप म्हणूनच त्याची मान वळेना. तो बाप्यांच्या तोंडांकडे बघत राहिला.

कंदील हिंडला. शेजारी आला. गंजीतून लेकरू निघालं.

"अगं," पलीकडून शमशादचा आवाज आला.

त्यात रडू नव्हतं. उशिरा घरी आलेल्या पोरीला आई म्हणते तेवढंच ते होतं.

मग दुसऱ्याच कुणा बाईचा आवाज, अगदी साधा.

"सरका गं जरा. पोरीला बसाय जागा द्या."

लुगड्यांची सळसळ झाली. बायका सरकून बसत होत्या.

तेव्हा सिकंदरनं मान वळवली. सिनेमाची पट्टी संपली होती. पडदा कोरा पांढरा झाला होता आणि त्या उजेडात पलीकडच्या बायका त्याला दिसल्या. त्यांच्यातल्या एकीचंही तोंड पडद्याकडे नव्हतं. सगळ्या शमशादच्या बाजूला बघत होत्या.

शमशादच्या शेजारी हातभर जागा मोकळी होती.

बायका बाहेर पडताना वाट देऊन बाजूला होत होत्या. एका म्हातारीनं वाकून शमशादच्या कमरेइतक्या उंचीवर हवेत हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. शमशाद सावकाश चालत होती. तिचा एक हात अंगापासून थोडा दूर होता आणि मूठ अर्धीच मिटलेली होती. सिकंदर तिच्या मागे चालला. गाडीपाशी आल्यावर ती अंथरुणाच्या एका कडेला सरकून निजली आणि पडल्या पडल्या तिला गाढ झोप लागली. दोन वर्षांत तिला अशी झोपलेली त्यानं पाहिली नव्हती.

सकाळी मोहनरावांनी जाहीर केलं की कुत्र्याचा सिनेमा आजच्या आज परत जाईल, आणि पुन्हा आपल्या तंबूत कुत्रं नको. माणसं तंबू उतरवू लागली. बाभळीखाली तीन दगडांची चूल मांडून शमशादनं भाकऱ्या केल्या आणि तीन ताटल्या मांडल्या. तेवढ्यात गावातली प्रयागबाई लोटीभर दूध घेऊन आली. आदल्या संध्याकाळी ती शमशादच्या जवळच बसली होती.

"पोरीला हाय ह्ये," ती म्हणाली. मग तिसऱ्या ताटलीपुढे उकिडवी बसली आणि काहीतरी विचारलं. थोडं थांबली, आणि ऐकून तोंडाला पदर लावून हसली. "मोठी बोलकी हाय गं बाई," असं शमशादला म्हणून ती उठून गेली.

ताटलीपुढे कुणीही नव्हतं. सिकंदरनं नीट पाहिलं. माती होती, बाभळीच्या वाळल्या शेंगा होत्या, एक मुंगळा चालला होता. दुःखानं माणसाचं डोकं फिरतं हे त्यानं पाहिलं होतं, पण दुसऱ्याच्या दुःखानं अख्ख्या गावच्या बायकांचं फिरतं असं कधी ऐकलं नव्हतं. बारामतीला गेल्यावर डॉक्टरला दाखवू, असं त्यानं ठरवलं.

"शमशाद," तो शक्य तेवढ्या मऊ आवाजात म्हणाला, "हितं कुनी न्हाय."

शमशादनं त्याच्याकडे पाहिलं. ती रागावली नाही. तिच्या नजरेत त्याच्याबद्दल कीव होती, आणि तीच त्याला सहन झाली नाही.

"तुमी तिकडनं बघत हुता न्हवं," ती म्हणाली. "तिकडनं न्हाय दिसत."

सिकंदरनं मान खाली घातली. डोळे भरून आले ते त्यानं लपवले नाहीत. सगळ्या मुलखाला बसल्या जागी जग दाखवणारा माणूस तो, आणि आता त्यालाच दुसऱ्याला विचारायची वेळ आली होती.

"मोठी झालीय का?" त्यानं विचारलं.

"न्हाय. तेवढीच हाय."

"कुठं हुती म्हनती?"

शमशादनं शेजारी बघून विचारलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा जरा उतरला.

"म्हनती, बाबाचा आवाज येत हुता. पन वाटच सापडत न्हवती."

तंबूचा मधला बांबू खाली आला. मोहनरावांनी गाड्या जुंपायला सांगितल्या. सिकंदर गाडीच्या चाकाला टेकून बसला होता.

"पाय पसरा," शमशाद म्हणाली. "तुमच्याकडं येतीय."

त्यानं पाय पसरले. कुणी बघितलं तर काय म्हणेल असं त्याच्या मनात आलं, पण त्यानं पसरले. मांडीवर काहीच आलं नाही. वजन नाही, ऊब नाही. लेंग्याला साधी चुणी पडली नाही. एकदा हात उचलून जवळ न्यावासा वाटला, पण तो कुठं ठेवायचा ते कळेना, म्हणून त्यानं तो जमिनीवरच राहू दिला.

"उजव्या मांडीवर हाय," शमशाद हळूच म्हणाली. "हलू नका. निजलीय."

मोहनरावांनी दोनदा हाक मारली. सिकंदर बसून राहिला. बैल शेपट्या हलवत होते, कालव्यावर कुणीतरी घागर बुडवत होतं, ऊन पानांतून खाली उतरत होतं. समोर दोन्ही पाय सारखेच पसरलेले होते. थोड्या वेळानं उजव्या पायाला मुंग्या आल्या, आणि मग तो मांडीपासून खाली बधिर होत गेला.